मास्तरांचं घटलेलं वजन

मी वजनकाटा बोलतोय. रुग्णालयात डॉक्टरीणबाईंच्या दाराशी असतो. आधीच सांगून ठेवतो, माझं चुकतही असेल. काटा शून्यावर टेकला तरी मला धाकधूक असतेच: नक्की टेकलाय ना?

कारखान्यातून निघताना माझी तपासणी झाली होती, पण ती जुनी गोष्ट. त्यानंतर किती पावलं अंगावरून गेली! लोक चपला काढतात, पिशवी खाली ठेवतात आणि श्वास रोखून उभे राहतात, जणू श्वासाचंच वजन होणार आहे.

इथे लिम्फोमाचे रुग्ण बरेच येतात. लसिकाग्रंथींचा हा कर्करोग कावेबाज. कुणाच्या मानेत गाठ येते, कुणाच्या काखेत, कुणाच्या जांघेत. ती बहुधा दुखत नाही, म्हणून माणूस तिकडे काणाडोळा करतो. कुणाला ताप येत-जात राहतो, कुणाचं अंथरूण घामाने भिजतं, कुणाला नुसतीच खाज. आणि काहींचं वजन निमूटपणे घटतं. मला तेवढंच कळतं. कारण कळत नाही.

एकदा मानेतली गाठ दाखवायला एक शिंपी आले, बायकोसोबत. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"वजन कमी झालंय का?" सिस्टरने विचारलं.

"छे!" मास्तर म्हणाले.

सिस्टरने आकडा वाचला, तशी बायको उसळली. "एवढंच? काटा बिघडलाय तुमचा! ह्यांचे कपडे बघा, कसे अंगाबरोबर बसलेत."

मी गारठलो. खरंच बिघडलो असेन का?

सिस्टर स्वतः चढून बघती झाली. "अगंबाई! हा बिघडलेलाच असू दे रे देवा!" सगळे हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत.

पोट तपासताना डॉक्टरीणबाईंनी विजारीची कंबर उलटून पाहिली. आत उसवलेल्या शिवणींच्या रेघा, एकीशेजारी एक. अंग झडेल तसे मास्तर कपडे आत घेत गेले होते. हात इतका सफाईदार, की घरच्या माणसालाही पत्ता नाही.

"तू घाबरली असतीस," ते बायकोला म्हणाले.

"आणि आता काय मी नाचतेय?" तिने तोंड फिरवलं. मग त्यांची कॉलर सारखी केली. ती सारखीच होती.

गाठीचा तुकडा तपासला. लिम्फोमाच निघाला, पसरलेला. पण औषधाला दाद देईल, असं बाई म्हणाल्या. औषधाची मात्रा उंची-वजनावरून ठरते, म्हणून दर खेपेला मास्तर आधी माझ्यावर उभे राहतात. माझ्या आकड्यावर त्यांचं औषध! वजन वाढलं तरी मला शंका: हे मांस की पायावरची सूज? बाई नडगी दाबून बघतात, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो.

काल सिस्टर वाकण्याआधी मास्तरांनीच आकडा वाचला, मोठ्याने. "अगं, पुन्हा थोडं कमी झालंय."

"होऊ दे," बायको म्हणाली. "सांगितलंत ना? आता बघू दोघं मिळून." आणि हात धरून तिने त्यांना खाली उतरवलं.

ते बरे होतील का, मला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र एक विनवणी: अंगात काही बदलतंय असं वाटलं, तर घरातल्या माणसाला वेळेवर सांगा. मी आकडा दाखवीन. पण उतरताना धरायला मला हात नाहीत.