शालीने राखलेली जागा

मी एक जुनं जाजम आहे, मित्रांनो, आणि आज मी रागात आहे.

माणगावच्या एका शिंप्याने मला शिवलं. वीस वर्षं झाली, हरिहरेश्वरजवळच्या एका गावात शंकराच्या देवळात कीर्तनाला मला अंथरतात. आधी निरूपण होतं, मग मध्यंतर. बुवांना हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात आणि पुढे आख्यान रंगतं. ऐकून ऐकून माझा धागा न् धागा पावन झालाय. एकदा बुवांनी कीर्तनाला उभं राहण्याआधी मलाच नमस्कार केला होता. पुढे खुर्च्या आल्या, माझी कड फाटली, कोणी टाका घातला नाही. त्याचा राग नाही. राग आहे तो मध्यंतरातल्या बोलण्याचा.

यंदाच्या सप्ताहात आरोग्य उपकेंद्रातली नवी नर्स माझ्या फाटक्या कडेला बसू लागली. शेजारी घडी केलेली शाल ठेवून जागा राखायची. येत कोणीच नसे.

मध्यंतरात गावातली ठमाबाई रोज विचारायची, "सिस्टर, करमतं ना?"

"हो मावशी."

"मासळी मिळते ना ताजी?"

"मिळते."

झालं! ठमाबाईने तोंड फिरवलं की सिस्टर माझी दशी बोटाला गुंडाळत बसायची. मागे कुजबुज चाले, "बदलीचा अर्ज लिवलाय म्हने. आपल्यात मिसळतच न्हाय."

मिसळणार कशात? मासळीत? तीही देवळात बसून?

सहाव्या दिवशी गर्दी झाली. ठमाबाईला जागा मिळेना. तिने तावातावाने शाल उचलली. "सा दिस जागा अडवलीस. येनार कोन हाय तरी?"

"माझी आई."

"मग येत का न्हाय?"

"दोन महिन्यांपूर्वी गेली. कीर्तनाला तिला नेहमी उशीर व्हायचा. मी शाल ठेवायचे."

ठमाबाई तिच्या शेजारी बसली. शाल तिने स्वतःच्या मांडीवर घेतली.

"तुजा नाव काय गो?"

"हेमाली."

"हेमाली, आयेला कुठला आख्यान आवडायचा?"

तेवढ्यात झांज वाजली, तरी दोघी बोलत राहिल्या. भर कीर्तनात बोलणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. त्या दिवशी मात्र मी कान देऊन ऐकलं.

शेवटच्या दिवशी ठमाबाईलाच उशीर झाला. माझ्या फाटक्या कडेवर शाल ठेवलेली होती.

"मावशी, इथे या."

"आनि तो अर्ज?"

"आहे पर्समध्ये. बघू."

पाच दिवस वाया घालवले या बायांनी, तो राग अजून जात नाही. मित्रांनो, माझी कड शिवलीत तर बरंच. पण त्याआधी शेजारी बसलेल्याचं नाव विचारा, आणि मग ती जागा कोणासाठी राखलीय तेही. मध्यंतर फार लहान असतं. बुक्का लावून होईतोच काय तो वेळ.