फुंकरीने पळालेल्या जाहिराती

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली सोफे आणि कपाटं, वर हे. माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती आणि प्रत्येकाने आपापला फोन तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता. समोर उंच आसनावर फुंकरदादा, हातात माइक.

"जाहिरात म्हणजे काय?" दादांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "दुसऱ्याची वासना, तुमच्या खिशात. ती बघते, ऐकते, पाठीला लागते. तुमच्या फोनला ऋण लहरींची बाधा झाली आहे. फोन वर धरा."

शेकडो हात वर गेले. दादांनी डोळे मिटले, गाल फुगवले आणि माइकमध्ये लांबलचक फुंकर मारली. भिंतीवरच्या स्पीकरांमधून वादळ सुटल्यासारखा आवाज झाला. मग दादांनी सगळ्यांना आपापलं पान पुन्हा उघडायला सांगितलं. क्षणापूर्वी जिथे कर्जाच्या, टकलावर केस उगवण्याच्या आणि बसल्या जागी श्रीमंत होण्याच्या जाहिराती नाचत होत्या, तिथे आता राखाडी-पांढऱ्या घरांचा एक छोटा पट दिसत होता, बुद्धिबळाच्या पटासारखा. "दादांची चौकट आली," शेजारच्या बाई पुटपुटल्या आणि त्यांनी फोन कपाळाला लावला.

माझ्या दुसऱ्या बाजूला माझी ताई बसली होती. तिच्याही फोनवर चौकट आली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी बघून माझं डोकं फिरलं.

मी दातांचा डॉक्टर. लोकांच्या उघड्या तोंडात बघून पोट भरतो, त्यामुळे त्या तोंडांतून काय काय बाहेर पडतं त्याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. फुंकरदादांचं प्रवचन मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं. पण ताईच्या छातीत डाव्या बाजूला गाठ होती आणि तिने ठरलेली तपासणी रद्द केली होती.

ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. फ्रेम वाकवून कानामागे नीट बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. अंघोळ करताना तिला गाठ लागली तेव्हा तिने पहिल्यांदा नवऱ्याला नाही, मला नाही, फोनला विचारलं. झालं. तेव्हापासून फोन तिच्या मागे हात धुऊन लागला. बातम्या वाचायला घ्याव्यात तर मध्ये कर्करोगाचं रुग्णालय. भाजी कशी करायची ते बघावं तर खाली आयुर्विमा. एकदा तर केसांचे टोप. तिला वाटायला लागलं, फोनला काहीतरी कळलंय आणि तो आपल्याला सांगतोय. घाबरून तिने भावजींना सांगितलं, भावजींनी मला. मी ओळखीच्या सर्जनकडे सुईने गाठीतला तुकडा काढून तपासायची वेळ ठरवली. आणि त्याच आठवड्यात दुकानाच्या मालकीणबाई तिला 'एकदा नुसतं दर्शन घे' म्हणून दादांकडे घेऊन गेल्या.

तिथे दादांनी तिच्याकडे बघून म्हणे सांगितलं, "तुला सुईची भीती वाटते. सुई लागली की गाठ पसरेल, असं तुझ्या मनात आहे. हे तू कुणालाही बोलली नाहीस." ताईने खरंच कुणाला सांगितलं नव्हतं. मग फुंकर झाली, चौकट आली, रुग्णालयांच्या जाहिराती गायब झाल्या. "जाहिरात गेली, म्हणजे बाधा गेली. बाधा गेली, म्हणजे गाठ विरघळायला लागली. आता सुई टोचून घेऊ नकोस," दादा म्हणाले. घरी पोचल्यावर जाहिराती परत येत, पण त्यालाही उत्तर तयार होतं: घरात दोष आहे, रोज येत जा.

मी तिला समजावलं. सुईने गाठ पसरत नाही, उलट ती कसली आहे हे सुईनेच कळतं, हे सांगितलं. सर्जनला फोन लावून दिला. चिडलो. शेवटी भावजींवर ओरडलो, तर ते शांतपणे म्हणाले की दादांनी तिच्या मनातलं ओळखलं ते तुम्ही ओळखलं होतं का. म्हणूनच तिच्याबरोबर त्या सतरंजीवर येऊन बसलो होतो. एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपली. दारावरचा सेवेकरी प्रत्येकाचा फोन मागून घेत होता, दालनाच्या वायफायला 'बांधून' देत होता. बांधताना फोनमध्ये काहीतरी उतरवून घ्यायचा आणि शेवटी एक आकडा टाकायचा, ८११८. हा दादांचा आकडा. उलटा वाचला तरी तोच, म्हणून पवित्र. काहींनी तो गाडीवर रंगवून घेतला होता. माझा फोन मी मुद्दाम दवाखान्यात ठेवून आलो होतो, म्हणून सेवेकऱ्याने माझ्याकडे दया केल्यासारखं बघितलं.

आता माझ्या दवाखान्यातलं रामायण सांगतो. खुर्चीपुढच्या ज्या पडद्यावर मी रोग्यांना त्यांच्या दाढांचे एक्स-रे दाखवतो, त्यावर मध्येच जुगाराच्या जाहिराती उडी मारायच्या. रोग्याच्या तोंडात माझे दोन्ही हात, आणि पडद्यावर पत्त्यांचा डाव. यावर उपाय म्हणून मी एक प्रॉक्सी बसवायला घेतली होती. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुमचं यंत्र इंटरनेटकडे सरळ जात नाही, या मधल्या प्रोग्रामकडे मागणी करतं. तो पान आणतो, त्यातल्या जाहिराती आणि तुमच्यावर पाळत ठेवणारे धागेदोरे खुडून टाकतो आणि उरलेलं तुमच्या हाती देतो. प्रोग्राम फुकट मिळतो. पण तो नीट बसवताना माझ्या नाकी नऊ आले. आधी सगळं इंटरनेटच बंद पडलं. मग चालू झालं, तर बँकेचं पान उघडेना. मग बँक उघडली, तर जाहिराती परत. अक्कलदाढ काढणं परवडलं, असं मी माझ्या सहायकबाईंना म्हणालो, तर त्या म्हणाल्या की मग डॉक्टर, तेच करा ना, लोक बाहेर खोळंबलेत.

दालनातून परतल्यावर मी रागारागात त्या प्रोग्रामची माहितीपुस्तिका पहिल्यापासून वाचायला घेतली. मी पोर्टच्या, म्हणजे प्रोग्रामच्या दाराच्या क्रमांकाच्या, जागी भलताच आकडा घातला होता. पुस्तिकेत मूळचा आकडा दिला होता, ८११८. तो घातला, पान उघडलं, आणि जुगाराच्या जाहिरातीच्या जागी राखाडी-पांढऱ्या घरांचा पट आला. प्रोग्राम जिथे चित्र खुडतो तिथे तो हाच पट ठेवतो. ज्यांनी बनवला त्यांनीच तशी सोय केली आहे. दादांनी ती बदलण्याचेही कष्ट घेतले नव्हते. मी खुर्चीत, रोग्याच्या खुर्चीत, बसून कितीतरी वेळ हसत होतो.

ते हसू फार टिकलं नाही. ताई आणि भावजींना बोलावून घेतलं, ताईचा फोन माझ्या वायफायला जोडला, तोच आकडा घातला आणि पान उघडून दाखवलं. पट आला. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे बघितलं. ताईने हात जोडले होते.

"दादा इथेही आले," ती म्हणाली. "दंतोबा, तू एवढी निंदा करतोस, तरी त्यांनी तुझा दवाखाना शुद्ध केला."

भावजींनी माझ्या राउटरला वाकून नमस्कार केला. मी कपाळ बडवून घेतलं. माझ्या हाताने बसवलेल्या, माझ्या शिव्या खाऊन चालू झालेल्या प्रोग्रामचं श्रेय तो माणूस फर्निचरच्या दुकानावर बसून घेऊन गेला होता. मी पुस्तिका दाखवली, पोर्ट म्हणजे काय ते सांगितलं, ती मान डोलवत राहिली. माझं बोलणं आणि दादांची फुंकर यांत तिला फरकच दिसत नव्हता. दोन्हीकडे एक माणूस काहीतरी अगम्य बोलतो आणि चौकट येते. मग लक्षात आलं की समजावून भागणार नाही. हे तिच्या स्वतःच्या बोटाने व्हायला हवं, आणि त्यांच्याच दालनात.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट होती. या प्रोग्रामला स्वतःचं असं एक पान असतं. तुम्ही त्याच्यामार्फत इंटरनेटवर असाल तरच ते उघडतं, आणि त्यावर तो आपलं नाव-गाव सांगतो. मालकाने मोकळीक ठेवली असेल, तर जाहिराती खुडणं चालू आणि बंद करायचं बटणही तिथेच मिळतं, आणि ते कुणीही दाबलं तरी सगळ्यांना लागू होतं. आणि दादांनी मोकळीक ठेवली असणारच, कारण फुंकरीआधी जाहिराती दिसत होत्या आणि फुंकरीनंतर नाहीत. म्हणजे फुंकरीच्या मुहूर्तावर कुणीतरी ते बटण दाबत होतं.

रविवारी आम्ही पुन्हा सतरंजीवर बसलो. फुंकर झाली, चौकटी आल्या, फोन कपाळांना लागले. मी ताईच्या फोनवर त्या पानाचा पत्ता टाकला. पान उघडलं. वर प्रोग्रामचं नाव, खाली बटण. माझ्या दवाखान्यात तिने हेच नाव बघितलं होतं, आणि ते ओळखून तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे दाब," मी म्हणालो. "मी नाही दाबत. तूच दाब."

"काय होईल?"

"काहीच झालं नाही, तर तुझ्या दादांची मी जाहीर माफी मागेन."

तिने दाबलं. मग सगळ्यांना पानं पुन्हा उघडायला सांगायचं काम मी केलं, उभं राहून, मोठ्या आवाजात. कर्ज, टक्कल, बसल्या जागी श्रीमंती, सगळं जसंच्या तसं हजर झालं. कुजबुज सुरू झाली. दादांनी डोळे उघडले, "कुणीतरी अश्रद्ध लहरी घेऊन आलंय," असं म्हणाले आणि जोरात फुंकर मारली. आसनामागच्या पडद्याआडून कुणीतरी लगेच बटण दाबलं असणार, कारण चौकटी परतल्या. ताईने पुन्हा दाबलं. जाहिराती. फुंकर. चौकटी. ताईने दाबलं. दादा फुंकत राहिले, ताई दाबत राहिली. दादांना धाप लागली. ताईच्या बोटाला काही धाप लागणार नव्हती. शेवटी पडद्याआडचा सेवेकरीच वैतागून बाहेर आला आणि म्हणाला की कोण चालू-बंद करतंय, हात लावू नका. त्याच्या मागे पडदा सरकलेला होता. एका टेबलावर एक साधा संगणक होता आणि त्याच्या पडद्यावर तेच पान, तेच बटण.

मी उरलंसुरलंही तिथेच सांगून टाकलं. दारावर तुमच्या फोनमध्ये जे उतरवून घेतात, ते प्रमाणपत्र असतं, म्हणजे मधल्या माणसाला तुमची बंद पाकिटं उघडून वाचायचा परवाना. ते घेतलं की तुम्ही काय शोधता, काय वाचता, सगळं या संगणकाला उघडं दिसतं. दर्शनासाठी तुम्हाला ताटकळत बसवतात ते उगाच नाही. घाबरलेला माणूस नुसता बसत नाही, तो फोनला विचारतो. माझी बहीण पहिल्या दिवशी इथे बसून काय शोधत होती ते तिने आठवावं.

ताई अगदी हळू म्हणाली, "सुईने गाठ पसरते का, ते."

"आणि ते दादांनी वाचलं."

प्रोग्रामचा यात काही दोष नाही. ज्या कामासाठी तो बनला आहे, माणसाच्या मागे लागलेल्यांना हाकलायचं, ते तो माझ्या दवाखान्यात चोख करतो. मधला माणूस आपल्या घरचा असेल तर राखण करतो, दुसऱ्याचा असेल तर खिसा चाचपतो.

तुम्हाला वाटेल, मग लोक उठून निघून गेले असतील. काही गेले. सेवेकऱ्याशी काही भांडले. पण बरेचसे बसून राहिले, आणि पहिल्या खेपेला माझ्या शेजारी बसलेल्या बाई मला म्हणाल्या की दादा तुमची परीक्षा घेत होते. महिन्याभरात दालन बंद झालं, आणि दादा दुसऱ्या कुठल्यातरी दुकानावर फुंकर मारतायत असं ऐकतो.

त्या दिवशी जिना उतरून आम्ही सोफ्यांच्या दुकानापुढे आलो. ताई थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जाहिराती फुंकरीने जात नव्हत्या, त्या बटणाने जात होत्या," ती म्हणाली, "म्हणजे माझी गाठ..."

"आहे तिथेच आहे, ताई."

ती तिथल्या पायरीवर बसली आणि रडली. पहिल्यांदाच ती खऱ्या कारणासाठी रडत होती. भावजींनी तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी सुई लागली. गाठ वाईट निघाली, पण लहान होती, शस्त्रक्रिया झाली, आता औषधं चालू आहेत. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाला की अजून थोडा उशीर झाला असता तर त्याने मला वेगळं काहीतरी सांगितलं असतं. ते वेगळं काय, हे मी विचारलं नाही.

म्हणून वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. फोनला तुमचं दुखणं कळत नाही. तुम्ही त्याला जे विचारता ते तो विकतो, आणि तुमची भीती जाहिरात होऊन तुमच्याकडे परत येते. ती दिसली म्हणजे शाप नाही, दिसेनाशी झाली म्हणजे वरदान नाही. कुणी डोळ्यांदेखत चमत्कार करून दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा की याचं बटण कुठे आहे आणि त्यावर बोट कुणाचं आहे. उत्तर मिळेपर्यंत नमस्कार थांबवा. तपासणी थांबवू नका.