लुसेआनेचं अक्षर

टोंगाच्या राजधानीत, नुकुअलोफात, लग्नाची पत्रिका असो, वाढदिवसाचा केक असो नाहीतर कबरीवरचा बॅनर, लोक मेलिआमेच्या छपाईच्या दुकानात येऊन एकच सांगत, "लुसेआनेचं अक्षर घाला." वळणदार, लांब शेपट्यांचं, एकमेकांत हात गुंफलेलं ते अक्षर मेलिआमेच्या आईचं. रविवारच्या शाळेत ती पोरांना त्या अक्षरात बायबलची वचनं लिहून द्यायची. मेलिआमेनं तिच्याकडून एकेक अक्षर कागदावर काढून घेतलं आणि दुकानासाठी त्याचा फॉन्ट बनवला.

मग मेलिआमेचे वडील, सेमिसी, वारले. आईनं एवढंच मागितलं, "बॅनरवर त्यांच्या फोटोखाली माझं नाव येऊ दे. माझ्या अक्षरात. बाकी काही नको."

बाकी मिळणार तरी काय होतं? बायकोच्या बाजूची माणसं अशा वेळी कमरेला फाटकी चटई गुंडाळून मागच्या चुलीपाशी राबतात. मृताच्या उशाशी बसायचा मान त्याच्या बहिणीचा. ओफेइना आत्या तिथं अशी ऐसपैस बसली होती, जणू भाऊ मेला नव्हता, तिला परत मिळाला होता.

मेलिआमेनं तिला फोनवर नमुना दाखवला.

"अक्षर सुरेख आहे," आत्या म्हणाली. "नाव काढ."

"आत्या, बायको आहे ती त्यांची. जन्म काढलाय त्यांच्याबरोबर."

"त्याला माझ्यापासून तोडण्यात काढलाय. तिथं माझं घाल. 'तुझी लाडकी बहीण ओफेइना.'"

टोंगात आत्याला नाही म्हणायची कुणा भाचीची टाप नाही. मेलिआमे चाचरत म्हणाली, "मग अक्षर तरी साधं घालते. लांबून वाचता येईल."

"का गं? तुझ्या आईचं अक्षर मला चालतं की." आत्या गोड हसली. "चांगलं मोठं घाल."

मेलिआमेनं मुकाट्यानं तसंच छापून आणलं. भित्री होती, दुसरं काय.

दफन झाल्यावर रिवाजाप्रमाणे विधवेचे केस कापायला आत्यानं कात्री मागवली. लुसेआने कबरीशेजारी तिच्यापुढं गुडघे टेकून बसली. केसांच्या बटा मांडीवर पडत असताना तिनं वर पाहिलं. बॅनरवरच्या 'ओफेइना'तल्या एफची शेपटी तिनं लगेच ओळखली.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "हे माझं अक्षर आहे."

"हो ना. मान हलवू नकोस, वाकडे कापले जातील."

घरी आल्यावर लुसेआने रडली नाही. मुलीकडं न बघताच म्हणाली, "मी मेले की माझ्या कबरीवर ते अक्षर लावू नकोस." मेलिआमेला आईच्या पायांवर पडावंसं वाटलं, पण लाजेनं तिचं पाऊल उचललं नाही.

सुतक संपून दुकान उघडलं, तसं पहिलं गिऱ्हाईक आलं, एका नवरीची आई. पत्रिकेचे सगळे नमुने तिनं बाजूला सारले.

"हे नकोत गं. सेमिसीच्या कबरीवर पाहिलं ना, ते घाल," ती म्हणाली. "ओफेइनाचं अक्षर."

मेलिआमेनं ते निवडलं आणि नवरीचं नाव विचारलं.