वासाचा नकाशा

महापालिकेच्या उद्यान खात्यात तेहतीस वर्षं काढूनही भाऊराव तायड्यांनी आयुष्यात एक फूल तोडलं नव्हतं. ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी दरवर्षी त्यांनीच रंगवायची, मग तोडणार कुठल्या तोंडाने? पण खाली पडलेलं उचलू नये, असं काही पाटीवर लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ड्युटी संपली की झाडाखाली वाकायचं, मूठभर फुलं वेचायची, रुमालात बांधायची आणि मुलुंडला घरी येऊन सोनूबाईंच्या हातात द्यायची, हा लग्नापासूनचा नेम. बकुळीच्या दिवसांत बकुळ, नाहीतर सोनचाफा, नाहीतर प्राजक्त. सोनूबाई रुमाल नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, “आजची आहेत” किंवा “ही कालची उचललीत, आळशी झालात.” आणि ती खरंच कालची असायची.

पुढे काचबिंदूने सोनूबाईंचे डोळे नेले. एकदम नाही, दहा वर्षं लावून, कडेकडेने कुरतडत नेले. शेवटी उजेड आहे की अंधार एवढंही कळेना. रुमालाचा नेम मात्र चालूच राहिला. भाऊरावांना उलट जास्तच हुरूप आला. बायकोला दाखवण्यासारखं जगात आता काही उरलं नाही, पण हुंगायला देण्यासारखं पुष्कळ आहे, असा त्यांचा हिशेब.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रबुद्ध एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दर रविवारी तो आईच्या दंडाला धरून तिला खाली फिरायला न्यायचा. वाटेत काही नसताना “आई, पुढे मोठा खड्डा आहे, उडी मार” म्हणायचा, आणि ती खरंच पाय उचलायची, मग त्याच्या पाठीत धपाटा घालायची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिघांनाही ताप आला. दोघं म्हातारे घरातच बरे झाले. एकोणतीस वर्षांच्या पोराला हॉस्पिटलात घेऊन गेले आणि दहाव्या दिवशी फोन आला. सोनूबाई म्हणाल्या, मला दिसत नाही, मला फक्त एकदा त्याच्या तोंडावरून हात फिरवू द्या. तेव्हाचा नियमच तसा होता. नाही फिरवू दिला.

मागे राहिला खुंटीवरचा एक निळा चौकड्यांचा शर्ट, ताप भरला त्या दिवशी काढून ठेवलेला. भाऊरावांनी तो धुतला नाही. फोटो सोनूबाईंच्या काय कामाचा? त्यांनी शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि कपाटात ठेवला. प्रबुद्धच्या वाढदिवसाला, कधी एरवीही, सोनूबाई गाठ सोडून शर्ट तोंडाशी धरायच्या. भाऊराव बाजूला उभे राहून विचारायचे, “येतो का गं अजून?” त्या म्हणायच्या, “येतो.” स्वतः भाऊरावांनी तो कधी नाकाशी नेला नाही. हुंगून हुंगून वास संपेल, आणि जो आहे तो तिला पुरवायचा होता.

त्यानंतर सोनूबाई घराबाहेर पडेनात. भाऊराव हात धरायला गेले की म्हणायच्या, “तुम्ही ओढता.” ओढत असतीलही. जन्मभर हातगाडी ओढलेला हात तो, त्याला पोराची नजाकत कुठून येणार? शेवटी एकदा त्या स्पष्टच बोलल्या, “मला आता कुणाचाच हात नको. एकटीला चालता येईल तिथे न्या, नाहीतर इथेच बसू द्या.”

हे वाक्य भाऊरावांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. रिटायर होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती, हात शिवशिवत होते, आणि सात मजले वर सोसायटीची गच्ची नुसती तापत पडली होती. तिथे वासाची बाग करायची, त्यांनी ठरवलं. प्रत्येक वळणावर वेगळा वास. सोनू नाकाने वाट ओळखत दारापासून बाकापर्यंत जाईल आणि परत येईल. कुणाचा हात नको.

सेक्रेटरी सुबोध चित्रे हा मनाने चांगला, पण गच्ची म्हटलं की त्याचा रक्तदाब वाढायचा. “काका, वॉटरप्रूफिंगची वाट लागली ना, तर सातवा मजला मला सोडणार नाही.”

“अरे, जमिनीला पाणी लागेल कशाला? प्रत्येक कुंडी विटांवर. जड कुंड्या बीम गेलेत तिथेच. आणि मातीत निम्मं कोकोपीट, उचलून बघ, तुझ्या ऑफिसच्या बॅगेहून हलकी.”

चौथ्या मजल्यावरच्या पद्मजाताई कर्णिक, शाळेतून निवृत्त झालेल्या, मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या आणि “तक्रार असेल त्याने माझ्याकडे यावं” म्हणाल्या. त्यांच्याकडे कोण जाणार? परवानगी मिळाली.

आता खरी गंमत अशी, की तेहतीस वर्षं नकाशे काढले साहेब लोकांनी आणि मातीत उतरवले भाऊरावांनी. स्वतःचा नकाशा त्यांनी कधी काढलाच नव्हता. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून ते फूटपट्टी घेऊन बसले ते महिनाभर उठले नाहीत. पहिला नियम ठरला: फुलावर भरवसा ठेवायचा नाही, पानावर ठेवायचा. फूल हंगामी पाहुणं, पान बारा महिने घरचं. म्हणून वळणांवर पानाच्या वासाची झाडं, तीही कमरेच्या उंचीवर, म्हणजे येताजाता पदर घासला की वास सुटेल. रातराणी बाद, दिवसा मुकी असते. वारा पश्चिमेचा, तेव्हा कुंडी वाटेच्या पश्चिमेला, म्हणजे वास अंगावर येईल. दारात सब्जा, मग गवती चहा, मग टाकीपाशी मरवा. शेवटी बाकाजवळ एकच लाड म्हणून मोगरा, आणि बाकामागे अर्ध्या पिंपात बकुळीचं रोप. ते फुलायला वर्षं लागतील, हे त्यांना कळत होतं. तरी लावलं.

दोन वास एकमेकांत मिसळू नयेत एवढं अंतर हवं होतं. ते फुटात मोजून काय उपयोग? भाऊरावांनी सोनूबाईंना घराबाहेरच्या पॅसेजमध्ये दहा वेळा चालवलं, त्यांचं पाऊल मोजलं आणि नकाशावर अंतरं पावलांत लिहिली. मग अभिमानाने वाचून दाखवली. “दारापासून गवती चहा सात. डावीकडे वळून मरवा पाच. उजवीकडे मोगरा नऊ. बघ, तुझ्या मापाची बाग.”

“परत सांगा,” सोनूबाई म्हणाल्या. त्यांनी परत सांगितलं. त्यांना वाटलं, हिला आवडलं.

बुद्धपौर्णिमेला बाग सगळ्यांसाठी खुली करायची ठरली. त्या दिवशी सकाळी भाऊराव वर गेले तर मोगऱ्याच्या फांद्यांवर पांढरा कापूस धरलेला. मिलीबगची कीड. शेजारच्या कुंड्यांना लागायच्या आत त्यांनी मोगरा उचलून टाकीमागे लपवला आणि बाकाजवळची जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे पानओव्याची कुंडी ठेवली, भजी करतात तोच. सोनूला सांगायला हवं, असं घोकत खाली आले तर सगळ्या मजल्यावर करपलेल्या दुधाचा वास सुटलेला. खिरीचं दूध पातेल्याच्या बुडाला लागून काळं झालं होतं आणि सोनूबाई शेगडीपाशी उभ्या राहून ढवळत होत्या.

“अगं, करपलं ना सगळं. लक्ष कुठे आहे तुझं?”

“हो का?” त्या म्हणाल्या. “कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.”

भाऊराव चिडचिड करत दूध आणायला पळाले. या गडबडीत ओवा राहिला तो राहिलाच.

संध्याकाळी गच्चीवर पंधरा-वीस माणसं जमली. सोनूबाईंनी पांढरी साडी नेसली होती. दाराशी त्यांनी भाऊरावांचा हात सोडला, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि एकट्या चालू लागल्या. एका जागी थांबून दीर्घ श्वास घेतला. “गवती चहा.” वळल्या. चालल्या. “मरवा.” कुणीतरी टाळी वाजवली. पद्मजाताईंनी डोळ्यांना पदर लावला. चार वर्षांनी सोनू बाहेर चालतेय, तीही कुणाला न धरता, हे बघून भाऊरावांचा ऊर भरून आला. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

नऊ पावलं झाली. सोनूबाई बाकाजवळ थांबल्या, कुंडीवर वाकल्या, खोल श्वास घेतला आणि हसून म्हणाल्या, “मोगरा. भरभरून फुललाय.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पद्मजाताईंच्या केसांत गजरा होता, त्यामुळे मोगऱ्याचा वास दाराशी जमलेल्या प्रत्येकाला येतच होता. कुंडीकडे कुणी पाहिलं नाही. भाऊरावांनी पाहिलं. ओव्याचा वास म्हणजे काही नाजूक मामला नाही, चार हातांवरून नाकात शिरतो. आणि सोनूबाईंचं नाक त्यापासून वीतभर अंतरावर होतं.

गजऱ्यामुळे फसली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण पद्मजाताई दाराशी उभ्या होत्या, आणि वारा उलटा होता.

खीर वाटून झाली. सुबोधने “काका, बाग झकास झाली” म्हणून हात मिळवला. माणसं खाली गेली. पश्चिमेकडे अजून उजेड होता. भाऊरावांनी ओव्याची दोन पानं खुडली, बोटांत चुरडली आणि बाकावर बसलेल्या सोनूबाईंच्या नाकाशी धरली.

“हे काय आहे, सांग.”

सोनूबाई हळूच म्हणाल्या, “कुंडी बदललीत का?”

“सोनू, हे काय आहे?”

“मला नाही येत वास,” त्या म्हणाल्या. “काहीच नाही येत. पावलं मोजून चालले. तुम्हीच दिलेली. सात, पाच, नऊ.”

“कधीपासून?”

“त्या तापात गेला. सगळ्यांचा जातो म्हणाले, येईल परत. नाही आला.”

“चार वर्षं? आणि मला बोलली नाहीस?”

“पोराला नेलं त्याच आठवड्यात नाक गेलं हो. पोरगा गेलाय, आणि मी नाकाचं काय सांगू?”

भाऊराव तिच्या शेजारी बसले. चार वर्षांचे रुमाल त्यांच्या डोळ्यांसमोर आले. रिटायर झाल्यावरही ते रोज चालत बागेत जायचे ते फुलांसाठीच. “मग ताजी की कालची, कसं ओळखायचीस?”

“बोटांनी. कालची मऊ पडतात. खूपदा नाही ओळखायचे. तुम्ही हसलात की कळायचं, बरोबर सांगितलं.”

“आणि ही बाग? महिनाभर कागद घेऊन बसलो होतो मी तुझ्यासमोर. तेव्हा तरी सांगायचंस.”

“तेव्हा तर नाहीच सांगवलं. प्रबुद्ध गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदा जेवताना बोलायला लागला होता. सब्जा इथे लावू की तिथे, मला विचारत होता. मी म्हटलं, मला काय, मी मोजून चालेन.”

भाऊरावांना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही, कारण जवळ बघणारं कुणी नव्हतं. पण ऐकणारं होतं. सोनूबाईंनी चाचपत त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. मग भाऊरावांना आठवलं. विचारायचं नव्हतं, तरी त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“आणि शर्ट?”

सोनूबाई उठल्या. बाकापासून नऊ, मग पाच, मग सात पावलं चालत दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, “खाली चला.”

घरी येऊन त्यांनी स्वतःच कपाट उघडलं, पिशवी काढली आणि पलंगावर बसून मांडीवर घेतली. “पहिल्या दिवसापासून नाही आला. तुम्ही पिशवी बांधलीत, तेव्हाच नाक गेलेलं होतं. तोंड दिसत नव्हतं, हात लावू दिला नाही, आणि हे एवढं तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवलंत, तर तेही नाही. तुम्ही विचारायचात, येतो का गं, इतक्या आशेने विचारायचात. काय सांगणार होते मी?”

त्यांनी गाठ सोडली आणि शर्ट पुढे केला. “आज तुम्ही घ्या. मी इतकी वर्षं खोटं बोलले. तुम्ही खरं काय ते सांगा.”

भाऊरावांनी शर्ट दोन्ही हातांत घेतला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो तोंडाशी नेला. कॉलर हुंगली. काखेतला शिवणीचा भाग हुंगला. मग सगळा शर्ट चेहऱ्यावर दाबून धरला. प्लास्टिकचा वास होता. बंद कपाटाचा होता. जरासा कुबट, ओल लागलेल्या कापडाचा होता. फांदी बघून पुढच्या महिन्याची कळी सांगणाऱ्या त्या माणसाने पुन्हा पुन्हा शोधलं. प्रबुद्ध त्यात कुठेच नव्हता.

“येतो का हो?” सोनूबाईंनी विचारलं.

“येतो,” भाऊराव म्हणाले.

“कसला?”

“कॉलरला खोबरेल तेलाचा. लावायचा ना तो.”

“आणि घामाचा? दवाखान्यातून आला की यायचा तो?”

“तोही. थोडासा आहे अजून.”

सोनूबाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला. हाताने चाचपडत त्यांनी पिशवी शोधली आणि तिचं तोंड उघडून पुढे धरलं. “मग बाहेर नका ठेवू फार वेळ. घाला आत लवकर, बांधा.”

भाऊरावांनी शर्टाची घडी घातली, आत सरकवला आणि गाठ मारली. मग ती ओढून बघितली आणि तिच्यावर आणखी एक मारली.