न झिजलेले ब्रेक

हिवाळा सरत आला असताना, एका सोमवारी सकाळी, शहराबाहेरच्या एका मोटार कारखान्याच्या तपासणी विभागात नव्या स्पोर्ट्स कारची चाके उतरवण्यात आली. गाडी हायब्रिड होती. मागे पेट्रोलचे इंजिन, पुढे विजेची मोटर. महिनाभर तिने डोंगराच्या रस्त्यावर चाचणीच्या फेऱ्या मारल्या, असे चालकाचे म्हणणे होते. ‘म्हणणे’ हा शब्द ब्रेक-तपासनिसाचा. कारण उतरवलेले ब्रेक पॅड त्याने उजेडात धरले, तेव्हा ते जवळजवळ कोरे होते.

चालक तपासनिसाचा जावई होता. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. तपासनिसाच्या मते उरलेले नऊ त्या मानाने सौम्य होते.

“काय जावईबापू, डोंगर उतरलात, की डोंगराचं चित्र बघून परत आलात?”

“बाबा, ही गाडी मोटरच थांबवते. ब्रेक दाबला की मोटर वीज तयार करते, बॅटरीत भरते, त्यातच वेग मरतो. पॅडला कामच उरत नाही.”

“काम न करता ताजेतवाने राहणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यात आता पॅडची भर.”

सिद्धान्त तपासनिसाला ठाऊक होता. उद्याच्या वेगवान गाड्या विजेच्या बळावर धावतील आणि विजेच्याच बळावर थांबतील, हे त्याने व्याख्यानांत ऐकले होते. पण व्याख्यानात उतार नसतो. शेजारच्या शेडमध्ये रोलर बसवलेले होते. त्यांवर जागच्या जागी चाके फिरवली की संगणकात हव्या तितक्या फेऱ्या जमा होतात, असा त्याचा तर्क होता. टायर झिजलेले आहेत, हे कोणी दाखवून दिले तर तो म्हणे, टायर बदलता येतात. संशयाला एकदा घरात घेतले की पुरावासुद्धा त्याचीच चाकरी करू लागतो.

त्याने तक्रार थेट चाचणी-प्रमुख बाईंकडे नेली.

“फेऱ्या खोट्या ठरल्या तर जावयाची नोकरी जाईल,” बाई म्हणाल्या. “मुलीला विचारलंत का?”

“तिला लग्नाच्या वेळी विचारलं होतं. म्हणून तर ही वेळ आली.”

दुपारी तो स्वतः जावयाशेजारी बसून डोंगर चढला आणि उतरला. प्रत्येक वळणावर गाडी अशी मंदावे, जणू मागून कोणी पदर धरला आहे. पायथ्याशी त्याने, पॅड जिला आवळतात त्या ब्रेकच्या डिस्कपाशी हात नेला. पेट्रोलच्या गाडीत बोटे भाजली असती. ही नुसती कोमट होती.

“आता तरी पटलं?”

“आज मी शेजारी होतो. सासऱ्यासमोर सगळेच सरळ चालतात.”

असे तो बोलला खरा, पण एक वेगळी शंका त्याच्या मनात शिरली होती. चाचणीत गाडी नेहमी आधी चढे आणि मग उतरे. चढताना बॅटरी रिती होई, उतरताना भरे. एखादे गिऱ्हाईक माथ्यावरच राहत असले तर? ते घरी बॅटरी भरून आधी उतरणार. भरल्या घागरीत आणखी पाणी कुठे मावते?

“कारखान्याच्या माथ्यावरच्या चौकीत चार्जर आहे ना? बॅटरी गच्च भरा आणि मग उतरू.”

“आज नको, बाबा. उशीर होईल.”

“मी घरी कळवतो. तुम्ही भरा.”

जावयाने घड्याळाकडे पाहिले आणि नाइलाजाने गाडी पुन्हा वर वळवली. त्या चालढकलीत तपासनिसाला चोर सापडल्याचा आनंद झाला.

भरलेल्या बॅटरीने गाडी निघाली. पहिल्या वळणावर जावयाने ब्रेक दाबला. मोटरने हात वर केले. वीज ठेवायला जागाच नव्हती. सगळा भार पॅडवर आला. फारशा न वापरलेल्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढला होता. पकड बसली, पण उशिरा. गाडी पांढरी रेघ ओलांडून कडेच्या खडीत घुसली आणि थांबली.



“हे पहिल्यांदा झालेलं नाही,” सासरा म्हणाला. “वळण यायच्या आधीच तुम्ही पाठ टेकून, हात आवळून बसला होतात.”

“मागच्या आठवड्यात झालं होतं. एकदाच वर बॅटरी भरून उतरलो होतो.”

“आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?”

“सांगणार कोणाला? माझा अहवाल आधी तुमच्या टेबलावर येतो. तुम्ही लिहिलं असतंत, चालकाचा पाय चुकला.”

तपासनिसाने अक्षरशः हेच लिहिले असते.

संध्याकाळी दोघे बाईंसमोर उभे राहिले. जावयाने लपवल्याची कबुली दिली. सासऱ्याने आयुष्यात प्रथमच त्याची बाजू मांडली, तीही तक्रारीच्याच सुरात : फेऱ्या खऱ्या आहेत, पाय चुकलेला नाही, आणि हा माणूस बोलला नाही त्याला थोडा मीही कारण आहे.

“थोडा?” जावई पुटपुटला.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

“गाडी नापास. भरल्या बॅटरीवर नीट थांबेपर्यंत ती बाजारात जाणार नाही. तुमचे जावई कामावर राहतील, पण लपवल्याबद्दल यंदा बढती नाही. आणि यांनी चालवलेल्या गाडीचे ब्रेक यापुढे तुम्ही तपासायचे नाहीत.”