पाव टोपलीतच होता

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी सव्वानऊला मी शहर दाखवायला पर्यटक-बोटीवरचे तेवीस पाहुणे घेऊन फ्राना बाईंच्या पायऱ्यांच्या गल्लीत शिरले आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच माझं बोलणं अडखळलं. टोपली अजून खालीच होती.

फ्राना बाई मला शाळेत इतिहास शिकवायच्या. दुब्रोव्निकच्या तटाच्या आत जन्मल्या, तिथेच नोकरी केली, तिथेच म्हाताऱ्या झाल्या. वय त्र्याऐंशी. आमच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर सगळ्यात वर असतं. गुडघे गेल्यापासून बाईंनी खाट आणि रेडिओही तिसऱ्या मजल्यावर नेला होता. खाली यायचं तर अठ्ठेचाळीस पायऱ्या. म्हणून रोज सकाळी खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, कोपऱ्यावरचा बेकरीवाला बाल्दो तिच्यात पाव ठेवून हाक मारायचा आणि टोपली वर जायची. मी पाहुण्यांना घेऊन पोचेपर्यंत बाई खिडकीत येऊन बसलेल्या असायच्या, माझ्या चुका पकडायला.

"देसा! भूकंप एप्रिलमध्ये झाला! मे कुठून आणलास? चाळिशी उलटली तरी तुझं तेच!"

पाहुण्यांना आमची भाषा कळत नाही. त्यांना वाटायचं, आजी स्वागत करतायत. ते हात हलवायचे.

त्या दिवशी खिडकी उघडी होती आणि खिडकीत कोणी नव्हतं. पाव कागदात गुंडाळलेला तसाच. एक मांजर टोपलीभोवती घुटमळत होतं.

"बाई!" मी हाक मारली. पुन्हा मारली. वर काहीच हललं नाही.

न्हाणीत असतील, म्हटलं. माझ्या हातात अकरा नंबरची पाटी, मागून बारा नंबरचा गट रेटत येत होता, आणि साडेअकराला पाहुण्यांना तटाच्या पीले नावाच्या दरवाजाबाहेर बसपाशी पोचवायचं होतं. बस चुकली तर बोटवाले माझ्या नावाने शिमगा करणार. मी पुढे निघाले.

पुढचा सव्वा तास मी कसा काढला, मलाच माहीत. तोंड चालू होतं, मन गल्लीत. मठाच्या अंगणात मी पाहुण्यांना जुन्या औषधालयातल्या बरण्या बघायला आत सोडलं आणि बाईंच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. राजवाड्यापाशी पुन्हा लावला. तेच. मी चालत होते की पळत होते, कुणास ठाऊक, गटातली एक बाई मागून ओरडली, "अहो, जरा सावलीत थांबू द्या ना!" मी थांबले.

कॅथीड्रलसमोर मी हात दाखवून सांगत होते, तेवढ्यात गटातला एक जाडजूड माणूस जवळ आला. हा सकाळपासून माझं काही ऐकतच नव्हता, मान वर करून छपरं बघत फिरत होता. बोयान त्याचं नाव, स्लोव्हेनियाचा. आमची भाषा त्याला बऱ्यापैकी यायची. हळूच म्हणाला, "ताई, हे तुम्ही मघाशी त्या दुसऱ्या चर्चपुढे सांगितलंत. तुम्हाला बरं नाही का?"

मी बाल्दोला फोन लावला.

"बाल्दो, बाईंनी पाव वर घेतला का?"

"मी साडेसातला ठेवला. हाकसुद्धा मारली. दोरी हलली नाही, म्हटलं झोपल्या असतील."

"साडेसातला? टोपली खाली सोडून?"

मग म्हणाला, "दुकानात रांग होती गं."

"किल्ली कोणाकडे आहे त्यांची?"

"शेजारच्या मारेकडे असायची. पण मारे गेली ना मुलाकडे."

मी रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी तटाच्या आत येत नाही, माणसं पायी येणार. मग मी पाटी बगलेत मारली आणि पाहुण्यांना सांगितलं, "माझ्या शिक्षिका दार उघडत नाहीयेत. मला जायला हवं. तुम्ही इथेच पायऱ्यांवर बसा." काही बसले, काही कुरकुरले. सातआठ जण माझ्यामागे आले. बोयान सगळ्यात पुढे.

बाईंचं दार ओकच्या लाकडाचं, दोन बोटं जाड. बाल्दो पिठाच्या हातांनी ते बडवत उभाच होता. मी शेजारपाजारच्या घंटा दाबत सुटले. लहानपणी या गल्लीत कुणाच्या घरी दूध सांडलं तरी चार दारं उघडायची. आता बहुतेक घरं पर्यटकांना भाड्याने, दाराला किल्लीची आकडेवाली पेटी, आत रोज नवी माणसं. तीन दारांत कोणी नाही. मारेच्या दारात एक अर्धी दाढी केलेला परदेशी आला. शेजारी कोणी राहतं हेच त्याला माहीत नव्हतं.

बोयान मागे सरकून वर बघत होता. "या शेजारच्या घराच्या छपराला झरोका आहे. बाईंच्याही आहे. मध्ये चार पावलं. मी जातो."

"बोयान, तुझा गुडघा!" त्याची बायको म्हणाली.

"गुडघा घेऊनच जातो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तीस वर्षं कौलं चढवली मी, ताई. चला, बाजूला व्हा."

तो त्या परदेश्याच्या घरात शिरला. आम्ही खाली माना वर करून उभे. त्याचं डोकं झरोक्यातून निघालं, मग खांदे, मग तो कौलांवर पालथा झाला आणि सरकत आमच्या नजरेआड गेला. एक कौल सुटून पायऱ्यांवर फुटलं. त्याच्या बायकोने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. मग काही ऐकू येईना.

"आहेत!" खिडकीतून त्याचं लालबुंद तोंड बाहेर आलं. "जिवंत आहेत! शिव्या देतायत मला!"

त्याने खाली येऊन दार उघडलं. मी त्या अठ्ठेचाळीस पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही. बाई चूल आणि टेबलाच्या मध्ये फरशीवर पडल्या होत्या. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. टोपली सोडून मागे वळताना घसरल्या होत्या. ओठ पांढरे, डोळे मात्र तेच, वर्गातले.

"हा कोण दांडगा माझ्या छपरातून आला?"

"बाई, बोलू नका. माणसं येतायत."

"तू हाक मारलीस." आवाज अगदी खोल गेला होता. "दोनदा. मी ऐकलं. माझा आवाजच फुटेना. मग तू पुढे गेलीस."

"हो, बाई."

"किती वाजले आता?"

"पावणेअकरा."

त्यांनी डोळे मिटले. "दीड तास," म्हणाल्या.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

रुग्णवाहिकेच्या चौघांनी त्यांना पट्ट्यांनी बांधून त्या उभ्या पायऱ्यांवरून खाली नेलं. गल्लीत माझे पाहुणे भिंतीला चिकटून उभे राहिले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "नाटक आहे का?" बाई झोळीतून म्हणाल्या, आणि बाल्दो तिथेच रडायला लागला.

बस पस्तीस मिनिटं खोळंबली. ज्या कंपनीसाठी मी फिरत होते तिने मला बोटीच्या यादीतून काढलं. मी भांडले नाही. बोयानने घरून एक चिठ्ठी पाठवली: त्या छपराची उत्तरेकडची कौलं बदलायला हवीत, पावसाच्या आत.

बाईंचं खुब्याचं हाड जोडलं. डॉक्टरांनी पायऱ्या बंद म्हटल्यावर झाग्रेबच्या पुतण्याने त्यांना तटाबाहेर, ग्रूझ बंदराच्या बाजारामागे तळमजल्याची खोली घेऊन दिली. मी दर गुरुवारी जाते. हिवाळ्यात मी गल्लीतली दारं मोजली. एकतीस. माणसं राहतात अशी चार. त्या चारही जणांच्या किल्ल्या आता माझ्याकडे आणि बाल्दोकडे आहेत. एक आजोबा द्यायला तयार नव्हते, "मी मेलो तर मेलो, तुम्हाला काय करायचंय?" म्हणाले. पाचव्या फेरीला दिली.

फेब्रुवारीत एकदा कॉफी ढवळता ढवळता बाई म्हणाल्या, "मी तुला माफ केलं की नाही, ते बघायला येतेस ना?"

"नाही."

"खोटं बोलतेस. वर्गातही तुझे कान असेच लाल व्हायचे." त्यांनी कप खाली ठेवला. "दीड तास मी तुझ्यावर चिडले होते. मग तू आलीस. आता त्याचं काय लोणचं घालायचंय? उठ, मला फिरव."

आम्ही बाजारामागच्या गाड्यांच्या जागेत फेऱ्या मारतो. पहिल्यांदा चार गाड्यांपर्यंत, मग अर्धी जागा, परवा अख्खा फेरा. मासेवाल्या बायका त्यांना ओळखायला लागल्यात. परवा बाई खांबाला धरून थांबल्या, धाप लागली होती.

"एप्रिलमध्ये मला घरी ने. वर नाही चढत. नुसतं दाराशी उभं राहायचंय."

त्या दाराला गेल्या महिन्यात आकडेवाली पेटी बसली. पुतण्याने त्यांना सांगितलेलं नाही. मीही नाही.

"बघू," म्हटलं.

"बघू काय? एप्रिल म्हटलं मी." आणि माझ्या दंडाचा आधार घेऊन त्या दुसऱ्या फेरीला निघाल्या.