थांबायला शिकलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पण कागद-कापड कापणारी समजू नका हं! वसईच्या एका लहान प्रसूतिगृहात मी बाळांची नाळ कापते. आईच्या पोटात बाळाला जिच्यातून रक्त आणि पोषण मिळतं, ती नाळ. रोज गरम वाफेत न्हाऊन निघते मी, म्हणून माझा तोरा जरा जास्तच.

तरुणपणी माझी केवढी वाहवा! बाळ बाहेर आलं, चिमटे लागले, की कच्च! जुने डॉक्टर म्हणायचे, "काय धार आहे!" मला वाटायचं, झटपट कापणं हीच हुशारी. मग भुईगावच्या डेल्फिन सिस्टर आल्या आणि मला ट्रेमध्ये ताटकळत ठेवू लागल्या. बाळ रडतंय आणि मी आपली पडूनच! अस्सा राग यायचा! म्हातारी झाले म्हणून मला बाजूला टाकलं, असंच वाटलं.

तो राग गेला एका शुक्रवारी. आचोळ्याची उन्नती बाळंत होत होती. तिच्या अंगात रक्त कमी, त्यात बाळ तीन आठवडे आधीच येत होतं. नवरा वेदांत तिचा हात धरून उभा होता. दाराबाहेरून सासूबाई यमुनाताई ओरडल्या, "अकरा पाचला राहुकाळ लागतो रे! त्याआधी नाळ कापायला सांग. पत्रिकेला तीच वेळ धरतात."

अकरा वाजून तीन मिनिटांनी मुलगी झाली. एवढीशी, पण काय खणखणीत रडली! सिस्टरांनी तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं आणि वर कोरडा टॉवेल पांघरला.

"सिस्टर, कापा ना लवकर! दोनच मिनिटं आहेत," वेदांत घायकुतीला आला. खरं सांगते, मीही आतुर झाले होते.

"हातमोजा घाला आणि इथे बोट लावून बघा," सिस्टर म्हणाल्या.

त्याने बोट लावलं. "अरे, ही तर नाडीसारखी उडतेय!"

"तिचंच रक्त आहे, अजून तिच्याकडे जातंय. आता कापलं तर तेवढं वाया जाईल. आधीच नाजूक आहे पोरगी."

बाहेरून यमुनाताईंची हाक आली. वेदांत घड्याळाकडे बघे, दाराकडे बघे.

"थांबू या," उन्नती म्हणाली. "मला चक्कर यायची ना, तसं हिला नको."

अकरा पाच झाले, अकरा सहा झाले. नाळ पांढरी पडली, उडायची थांबली. मग सिस्टरांनी चिमटे लावले आणि मला वेदांतच्या हातात दिलं. त्याने जपून नाळ कापली. एवढ्या गडबडीत सिस्टरांनी एकदाही आवाज चढवला नव्हता. धन्य आहे त्या बाईची! त्या दिवशी मला माझ्या धारेपेक्षा त्यांच्या धीराचं कौतुक वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येणार असेल तर मोठ्यांना सांगा, बाळ नीट रडत असेल तर एक-दोन मिनिटं नाळ कापायची घाई करू नका. काही अडचण असली तर डॉक्टर ठरवतील. मी तयारच असते.

हो, यमुनाताईंचं सांगायचं राहिलंच की! त्या आत आल्या त्या फणकाऱ्यातच. "राहुकाळात कापलीत ना?"

"हो आई," वेदांत म्हणाला, "तिचं रक्त तिला मिळाल्यावर."

यमुनाताईंनी नातीचे गुलाबी तळपाय ओंजळीत धरले. बराच वेळ सोडलेच नाहीत.

"पत्रिकेत अकरा तीनच लिहा," त्या म्हणाल्या. "पोरगी रडली ना तेव्हा! मी बाहेर ऐकलंय."